डावीकडची सीट

बटण दाबलं की गाडी बोलते.
बाईचा आवाज. जपानी. अदबीचा.
दर सकाळी तेच एक वाक्य.
गोंचिग तिला उत्तर द्यायचा : "हो गं बाई, तूही सांभाळून."
चौदा वर्षं आम्ही ती शुभेच्छाच समजत आलो.

तो गेला फेब्रुवारीत.
मागे राहिली ही उजव्या स्टिअरिंगची गाडी,
एक किल्ली,
आणि जपानी अक्षरांचं जाडजूड पुस्तक,
ज्यातली मला फक्त चित्रं वाचता येतात.

चित्रं तरी कसली!
लाल झारी, नाकातून एक थेंब गळणारी.
पिवळी कढई, आत उद्गारचिन्ह.
आणि थंडीत सगळ्यांआधी पेटणारा निळा दिवा :
लाटांवर उभी शिडाची होडी.
उलानबातरमध्ये होडी!
आमची तूल नदी तर नोव्हेंबरपासूनच दगड.

गॅरेजवाली मुंखझुल हसली. बावीसची पोर,
नखांत ग्रीस, कानात मोती.
"होडी नाही हो काकू, थर्मामीटर आहे.
इंजिन गार आहे, पळवू नका मला, म्हणतंय.
लाल दिसलं की थांबायचं,
पिवळं दिसलं की माझ्याकडे यायचं,
निळं दिसलं की चहा प्यायचा."
एवढंच शिक्षण.
फी म्हणून वाळवलेल्या दह्याचे खडे, पिशवीभर.

कुलपांचं मात्र माझं मलाच उमगत गेलं.
उणे चौतीसला किल्लीतला सेल मरतो,
मग गाडी ओळख दाखवत नाही.
किल्लीच्या पोटातून दुसरी किल्ली काढायची,
साधी, लोखंडी, बिनअकलेची.
तिला काखेत ऊब द्यायची, मग भोकात फिरवायची.
दार उघडतं, आणि गाडी बोंब ठोकते.
सगळी टेकडी जागी, सगळी कुत्री जागी,
शेजारचा सोद्नोम गेरमधूनच ओरडतो,
"त्सेरमा, स्वतःचीच गाडी चोरतेस का?"
मेलेली किल्ली बटणाला टेकवून धरली
की वास घेतल्यासारखी जरा थांबते
आणि गप्प होते.
रात्री काचेखाली तांबडा ठिपका मिचमिचतो.
तो दिसला की मी कूस बदलते.

मागचं डावं दार आतून उघडत नव्हतं.
बिघडलंय, असंच मी धरून चालले.
भाडं उतरताना मी उतरायची, दार उघडायची.
एका साहेबाला तो मान वाटला,
हजार तुगरिक जास्त देऊन गेला.
परवा मुंखझुलनं दाराच्या कडेत नख घातलं,
एक चिमुकला खटका खाली केला.
"लहान मुलांसाठीचं कुलूप. कुणीतरी लावून ठेवलंय."
कुणीतरी.
अनुजिन तेव्हा सहाची,
चालत्या गाडीत दाराशी चाळा करायची.
आता ती सोलमध्ये. तिच्या खोलीला
आकडे दाबून उघडायचं कुलूप आहे.
मुंखझुल पान्हा आणायला वळली
तेव्हा मी खटका पुन्हा वर केला.

ते वाक्यही कळलं शेवटी.
नागोयात सहा वर्षं काढलेला एक प्रवासी मागे बसला होता.
"म्हणतेय, टोलचं कार्ड घातलेलं नाही."
रोज सकाळी. चौदा वर्षं. टोलचं कार्ड.
मी इतकी हसले की सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला
आणि मागची अख्खी रांग हॉर्न वाजवत राहिली.

आज बाजारातून पीठ घेतलं, पंचवीस किलो.
डावीकडच्या सीटवर ठेवलं. ती माझी जागा.
मी पट्टा लावायची नाही,
आणि तो लाल माणूस विझल्याशिवाय
गोंचिग गाडी हलवायचा नाही.
किती भांडलो आम्ही त्या दिव्यापायी.
आता पिठासाठी तोच दिवा. टिंग. टिंग. टिंग.
गाडीला वाटतंय, कुणीतरी बसलंय.
पोतं मागे टाकता आलं असतं.
मी पट्टा ओढला,
त्याच्या पोटावरून घेतला,
खट्.

होडी अजून पाण्यातच होती.
आम्ही थांबलो.